लुई नेपोलियन : कौल मागणारा सम्राट

१८४८ च्या डिसेंबरात झालेल्या फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीत लामार्तीन ह्या कवीला सुमारे २० हजार मते पडली. फ्रेंच वाङ्मयाच्या इतिहासांतून ही गोष्ट बहुधा एका वाक्यात उरकली जाते. परंतु त्याच वर्षीच्या एप्रिलात हाच कवी दहा जिल्ह्यांतून एकाच वेळी प्रतिनिधी म्हणून निवडून आला होता. फेब्रुवारीच्या क्रांतीनंतर आलेल्या हंगामी सरकारचा तो खरा मुखत्यार होता, आणि अध्यक्षाची निवड विधिमंडळाने न करता थेट मतदारांनी करावी, हे ऑक्टोबरात संविधानसभेला पटवून देणाऱ्यांत तोच अग्रभागी होता. जनतेवर त्याने टाकलेला विश्वास जनतेने दुसऱ्याच्या पदरात घातला. हा दुसरा म्हणजे लुई नेपोलियन बोनापार्त. त्याला ५४ लाखांहून अधिक, म्हणजे एकंदर मतांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश मते मिळाली. प्रजासत्ताकाचा रक्षक म्हणविणाऱ्या सेनापती काव्हेन्याकला साडेचौदा लाखांवर समाधान मानावे लागले.

अनियंत्रित सत्ता ही लोकांवर लादली जाते आणि निवडणूक ही तिच्यावरची मात्रा असते, अशी एक सोयीची समजूत आपण बाळगून असतो. लुई नेपोलियनचे चरित्र ह्या समजुतीला नीट बसत नाही. जवळजवळ २२ वर्षे तो सत्तेवर राहिला. ह्या काळात त्याने तीन वेळा सार्वमत घेतले, चार वेळा विधिमंडळाच्या सार्वत्रिक निवडणुका घेतल्या आणि प्रत्येक वेळी त्याला बहुमत मिळाले. वाङ्मयाच्या अभ्यासकाने ह्या चरित्राकडे वळण्याचे आणखी एक कारण आहे. त्याचे जे चित्र आपल्या मनात आहे ते बव्हंशी त्याच्या शत्रूंनी रेखाटलेले आहे, आणि हे शत्रू एकोणिसाव्या शतकातील श्रेष्ठ लेखक होते. त्यांनी त्याला इतका क्षुद्र करून टाकला की ७०-७५ लाख माणसांनी त्याला मत का दिले असावे, हा प्रश्न विचारावयाचेच आपण विसरलो.

त्याचा जन्म पॅरिस येथे २० एप्रिल १८०८ रोजी झाला. बाप लुई बोनापार्त हा पहिल्या नेपोलियनचा धाकटा भाऊ आणि त्या वेळचा हॉलंडचा राजा. आई ऑर्तांस ही सम्राज्ञी जोसेफीनची पहिल्या लग्नाची मुलगी. वॉटर्लूच्या पराभवानंतर सातव्या वर्षीच ह्या मुलाच्या वाट्याला वनवास आला. आईबरोबर तो स्वित्झर्लंडमध्ये कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी आरेनेनबर्ग येथे वाढला आणि जर्मनीत आउग्सबुर्गच्या शाळेत शिकला. फ्रेंच बोलताना त्याच्या उच्चारांत जर्मन वळण येई, ते अखेरपर्यंत गेले नाही. ज्या देशाचा आवाज म्हणून तो पुढे उभा राहिला, त्या देशाचा परिचय त्याला मुख्यतः आईच्या आठवणींतून झाला होता. १८३१ साली इटलीत पोपच्या राज्याविरुद्ध झालेल्या उठावात तो आणि त्याचा थोरला भाऊ सामील झाले. ह्या धामधुमीत भाऊ गोवराने वारला. पुढच्याच वर्षी पहिल्या नेपोलियनचा एकुलता एक औरस पुत्र व्हिएन्नात निधन पावला, आणि बोनापार्त घराण्याचा वारसा आपल्याकडे आला, असे ह्या चोवीस वर्षांच्या तरुणाने मनाशी ठरवून टाकले.

१८३६ च्या ऑक्टोबरात त्याने स्ट्रासबर्गच्या लष्करी छावणीत बंड करविण्याचा प्रयत्न केला. तो काही तासांतच फसला आणि सरकारने त्याला अमेरिकेस पाठवून दिले. आईच्या आजारपणामुळे तो परतला. १८३७ साली ती वारली. १८४० च्या ऑगस्टात मूठभर अनुयायांसह तो बूलोन्यच्या किनाऱ्यावर उतरला. ही मोहीम पहिलीपेक्षाही हास्यास्पद ठरली. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारने स्वतःच पहिल्या नेपोलियनच्या अस्थी सेंट हेलेना बेटावरून आणवून मोठ्या थाटाने पॅरिसमध्ये मिरविल्या. पुतण्या जन्मठेपेवर आणि काका मिरवणुकीत, असा हा विलक्षण योग होता. थोरल्या नेपोलियनची दंतकथा पिकविण्याचे काम बोनापार्तवाद्यांपेक्षा त्यांच्या विरोधकांनीच अधिक केले, असे म्हणावे लागते.

आमच्या किल्ल्यात तो जवळजवळ सहा वर्षे कैदेत होता. (आम हे उत्तर फ्रान्समधील एका गावाचे नाव आहे, मराठी वाचकाला ते उगाच वेगळे भासते.) ह्या कैदेत त्याने पुष्कळ वाचले आणि लिहिले. १८३९ साली नेपोलियनी विचारांवर त्याने एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. आता १८४४ साली दारिद्र्याच्या निर्मूलनावर दुसरी लिहिली. पडीक जमिनींवर बेकार कामगारांच्या वसाहती वसवाव्यात, अशी तीत योजना आहे. अर्थशास्त्र म्हणून ती कच्ची आहे. पण लेखकाने वारसाहक्काचा दावा मांडताना त्यात मजुरांच्या पोटाचा प्रश्न घातला, हे लक्षात ठेवावयास हवे. त्या काळच्या इतर राजघराण्यांच्या दावेदारांना हे सुचले नव्हते. पहिल्या पुस्तिकेतील कल्पना तर पुढील साऱ्या कारकिर्दीची किल्ली आहे. लोक सार्वभौम आहेत; परंतु त्यांची इच्छा पक्षांच्या भांडणांतून प्रकट होत नाही, ती एका पुरुषाच्या ठायी एकवटते; त्या पुरुषाने वेळोवेळी लोकांपुढे जाऊन कौल घ्यावा आणि मध्यंतरी कोणाच्या आडकाठीवाचून राज्य करावे, असा तो विचार आहे. २५ मे १८४६ रोजी किल्ल्यात दुरुस्तीचे काम चालू असताना गवंडी कामगाराचा वेष करून, खांद्यावर फळी घेऊन तो पहाऱ्यातून निसटला आणि लंडनला पोहोचला.

फेब्रुवारी १८४८ च्या क्रांतीने फ्रान्समधील सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार दिला. अडीच लाखांच्या आसपास असलेले मतदार एका हुकुमाने ९० लाखांच्या वर गेले. हे नवे मतदार बहुतेक खेड्यांत राहणारे होते, आणि नव्या प्रजासत्ताकाशी त्यांची पहिली ओळख करवाढीने झाली. मार्चमध्ये सरकारने प्रत्यक्ष करांवर फ्रँकमागे ४५ सांतीमचा जादा कर बसविला होता. जूनमध्ये पॅरिसच्या कामगारांचा उठाव काव्हेन्याकने रक्तात बुडविला, तेव्हा शहरी मजुराचेही मन प्रजासत्ताकावरून उडाले. अशा वेळी निवडणुकीला उभ्या असलेल्या नावांपैकी खेड्यांतील माणसाला एकच नाव ठाऊक होते. जुन्या शिपायांच्या गप्पांतून, फेरीवाल्यांनी विकलेल्या रंगीत चित्रांतून आणि पंचांगवजा पुस्तिकांतून ते घरोघरी पोहोचले होते. शेतकऱ्याला त्यात करमाफी दिसली, मजुराला काव्हेन्याकचा सूड दिसला, कॅथलिकाला धर्मरक्षण दिसले, आणि तिएरसारख्या मुरब्बी राजकारण्याला एक हाताळण्याजोगा मंदबुद्धी माणूस दिसला. व्हिक्टर ह्यूगोच्या वर्तुळातील वृत्तपत्रानेही त्यालाच पाठिंबा दिला होता. उमेदवाराविषयी फारसे काही माहीत नसणे हेच त्याचे भांडवल ठरले.

संविधानाप्रमाणे अध्यक्षाला चार वर्षांनंतर लगेच पुन्हा उभे राहता येत नव्हते. ही अट बदलण्याचा ठराव जुलै १८५१ मध्ये सभागृहात ४४६ विरुद्ध २७८ मतांनी मांडला गेला. तीन चतुर्थांश मते आवश्यक असल्याने तो फेटाळला गेला. त्याआधी ३१ मे १८५० रोजी ह्याच सभागृहाने एक घोडचूक केली होती. मताधिकारासाठी तीन वर्षांच्या सलग वास्तव्याची अट घालून तिने सुमारे ३० लाख गरीब मतदारांची नावे यादीतून काढली. लुई नेपोलियनने त्या वेळी हरकत घेतली नाही. पण हे हत्यार त्याने जपून ठेवले. २ डिसेंबर १८५१ च्या पहाटे सैन्याने पॅरिसचा ताबा घेतला, पुढाऱ्यांना अंथरुणातून उचलून तुरुंगात टाकले, आणि भिंतींवर जी घोषणापत्रे लागली त्यांत सभागृह बरखास्त केल्याच्या बरोबरीने सार्वत्रिक मताधिकार परत दिल्याची वार्ता होती. ज्या सभेने लोकांची मते हिरावली, तिच्या रक्षणासाठी लोकांनी रस्त्यावर यावे, अशी अपेक्षा विरोधकांना करावी लागली! ३ डिसेंबरला बोदँ हा प्रतिनिधी मोर्चेबंदीवर मारला गेला. ४ तारखेला मोठ्या रस्त्यांवर सैन्याने जमावावर गोळ्या झाडल्या.

पॅरिसबाहेर मात्र प्रतिकार मोठा झाला. दक्षिणेत व मध्य फ्रान्समध्ये हजारो खेडुतांनी हत्यारे उचलली. दीन्य हे जिल्ह्याचे ठाणे त्यांनी काही दिवस ताब्यातही ठेवले. बंड मोडल्यावर २६ हजारांहून अधिक लोकांवर कारवाई झाली आणि त्यांतील ९ हजारांहून अधिक जणांना अल्जीरियात पाठविण्याची शिक्षा झाली. २० व २१ डिसेंबरला सार्वमत झाले तेव्हा तीसहून अधिक जिल्ह्यांत लष्करी अंमल होता. सुमारे ७४ लाख लोकांनी होकार दिला, साडेसहा लाखांच्या आसपास लोकांनी नकार. एक वर्षाने साम्राज्य स्थापण्याविषयी पुन्हा कौल घेतला, तेव्हा होकार ७८ लाखांवर गेला आणि नकार अडीच लाखांवर आला. २० लाखांहून अधिक मतदार घरीच राहिले. २ डिसेंबर १८५२ रोजी तो तिसरा नेपोलियन झाला.

भारतीय वाचकांसाठी येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. १८४८ च्या प्रजासत्ताकाने वसाहतींनाही प्रतिनिधित्व दिले होते आणि पाँडिचेरी, चंद्रनगर आदी फ्रेंच ठाण्यांच्या वाट्याला पॅरिसच्या सभागृहातील एक जागा आली होती. १८५२ साली हे प्रतिनिधित्व रद्द झाले. ते परत मिळाले ते साम्राज्य कोसळल्यावर. घरच्या मताधिकाराचे श्रेय घेणाऱ्या सत्तेने समुद्रापलीकडचा मताधिकार निमूटपणे बुडविला, ह्याचा उल्लेख फ्रेंच चरित्रकार क्वचितच करतात.

वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिले की विद्यार्थी पहिला प्रश्न मोजणीतील लबाडीविषयी विचारतात. लबाडी झालीच नाही असे नाही. पण केवळ तेवढ्याने उलगडा होत नाही. खरे यंत्र मोजणीच्या आधीच चालत असे. प्रत्येक मतदारसंघात सरकार आपला अधिकृत उमेदवार जाहीर करी. त्याची भित्तिपत्रके पांढऱ्या कागदावर छापली जात, आणि पांढरा कागद शासकीय घोषणांसाठीच राखून ठेवलेला होता. साहजिकच उमेदवार आणि राज्य एकच, असा भास होई. जिल्ह्याचा प्रीफेक्ट, गावचा मेयर, शाळामास्तर, वनरक्षक हे सारे त्याचे प्रचारक होते, आणि मेयर हा सरकारने नेमलेला असे. मतपत्रिका आजच्यासारखी सरकारी नसे; ती मतदाराने बाहेरून आणावयाची. सरकारी उमेदवाराची मतपत्रिका मतदार कार्डाबरोबर घरपोच येई. विरोधकाची मिळविण्यासाठी मात्र खटपट करावी लागे. घडी घातलेला कागद मतदार मेयरच्या हाती देई आणि मेयर तो पेटीत टाकी. मतदान दोन दिवस चाले. मधल्या रात्री पेटी मेयरच्याच ताब्यात राही. पाकीट आणि आडोसा ह्या साध्या सोयी फ्रान्समध्ये १९१३ साली आल्या. १८५२ च्या कायद्याने वृत्तपत्रांना अनामत रक्कम भरावी लागे, आणि दोन ताकिदींनंतर पत्र तहकूब होई. परिणामी १८५७ च्या निवडणुकीनंतर अडीचशेहून अधिक जागांच्या सभागृहात प्रजासत्ताकवादी पाच होते.

एवढे सांगूनही मूळ प्रश्न उरतोच. कारण ह्याच यंत्राने १८६९ साली सरकारला ४४ लाख मते मिळवून दिली, तर विरोधकांना ३३ लाख मिळाली. म्हणजे नकार द्यावयाचा ठरविले तर तो देता येत होता. होकार देणाऱ्यांना काहीतरी प्रत्यक्ष मिळत होते, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८५१ साली साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास असलेले लोहमार्ग १८७० पर्यंत १७ हजारांच्या घरात गेले. धान्याला दूरच्या बाजारपेठा मिळाल्या, गावांना रस्ते, शाळा व चर्चच्या दुरुस्तीसाठी पैसे मिळाले. १८५३ पासून ओस्मानने पॅरिस पाडून नवे बांधावयास घेतले आणि गवंड्यांना वर्षानुवर्षे काम पुरले. १८६४ साली संपाला कायद्याने मुभा मिळाली. प्रजासत्ताकाने ती दिली नव्हती. गावच्या जमीनदाराची आणि धर्मगुरूची मर्जी सांभाळीत आलेल्या कुळाला पॅरिसच्या सम्राटाला दिलेले मत हे त्या दोघांविरुद्ध दिलेले मत वाटे, आणि पुष्कळ ठिकाणी ते तसे होतेही. १५ ऑगस्टला नेपोलियनचा जन्मदिवस राष्ट्रीय सण म्हणून साजरा होई. नाचगाणी, दारूकाम, म्हाताऱ्या शिपायांना पदके. सुधीर हजारीसिंग ह्या मॉरिशसमध्ये जन्मलेल्या इतिहासकाराने ह्या उत्सवांचा फार मार्मिक अभ्यास केला आहे.

ह्याच्या जोडीला भय होते. १८५२ साली लाल क्रांती होणार, ही हाकाटी इतकी पसरली होती की मालमत्ता असलेला प्रत्येक जण, मग ती दोन बिघे जमीन का असेना, रक्षणकर्त्याच्या शोधात होता. बंडाच्या जिल्ह्यांतून पुढे आलेले प्रचंड होकार वाचताना दहशतीची आणि कृतज्ञतेची वाटणी कोठे करावयाची, हे ठरविणे मोठे कठीण आहे. एकाच माणसाच्या मनात ती दोन्ही असू शकतात.

आता लेखकांकडे वळू. ह्यूगो १८५१ च्या डिसेंबरात ब्रसेल्सला निसटला. तेथून जर्सी आणि पुढे गर्न्सी बेटावर राहिला. १८५२ साली सम्राटाला छोटा नेपोलियन ठरविणारी त्याची पुस्तिका आली आणि १८५३ साली शिक्षा ह्या अर्थाच्या नावाचा काव्यसंग्रह. दोन्ही पुस्तके फ्रान्समध्ये चोरून शिरत. १८५९ च्या सार्वत्रिक माफीनंतरही तो परतला नाही. त्याच्या तेजाविषयी वाद नाही; पण त्याच्या लेखी सारे पाप एका माणसाचे आहे, मतदार केवळ फसविलेला आहे. कार्ल मार्क्सने हा दोष हेरला. सुटे सुटे जगणारे, एकमेकांशी संबंध नसलेले अल्पभूधारक शेतकरी स्वतःचे प्रतिनिधित्व स्वतः करू शकत नाहीत, म्हणून ते धनी शोधतात, अशी त्याची मांडणी आहे. ही मांडणी पुढे सिद्धांत होऊन बसली. मोरिस आग्युलाँने व्हार जिल्ह्याच्या अभ्यासातून दाखविले की १८५१ साली प्रजासत्ताकासाठी हत्यार उचलणारेही खेडूतच होते. त्यांची मंडळे होती, वाचने होती, मते होती. शेतकऱ्याला राजकारण कळत नाही, हे गृहीत धरून केलेले कोणतेही स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. त्याला कळत होते; त्याच्यापुढे ठेवलेली निवड मात्र आखून दिलेली होती.

सारेच लेखक विरोधात नव्हते, हेही सांगितले पाहिजे. मेरिमे १८५३ साली सिनेटर झाला, सेंत-बव्ह १८६५ साली. जॉर्ज सँडने १८५२ च्या आरंभी सम्राटपदाच्या उंबरठ्यावर असलेल्या ह्या माणसाची भेट घेऊन कैद्यांसाठी रदबदली केली, आणि काहींची सुटका झालीही. तिच्या मित्रांनी तिला दोष दिला. वॉल्टर बॅजट त्या वेळी तरुण होता आणि पॅरिसमध्ये होता. त्याने इंग्रजी नियतकालिकात पत्रे लिहून ह्या सत्ताग्रहणाचे समर्थन केले. इंग्लंडच्या राज्यघटनेचा पुढचा भाष्यकार तो हाच. १८५७ साली फ्लोबेर आणि बोदलेर ह्या दोघांवर नीतिभंगाचे खटले झाले. पहिला सुटला, दुसऱ्याला दंड झाला आणि त्याच्या सहा कविता वगळाव्या लागल्या. तरी हाच फ्लोबेर पुढे सम्राटाची चुलत बहीण मातिल्द हिच्या दिवाणखान्यात आनंदाने वावरत असे. मात्र १८६९ च्या त्याच्या कादंबरीत, भावनांच्या शिक्षणाची कथा सांगताना, डिसेंबर १८५१ मध्ये प्रजासत्ताकाचा जयजयकार करणाऱ्या सरळमनाच्या द्युसार्दिएला ठार मारणारा पोलीस हा एके काळचा कडवा समाजवादी सेनेकाल असतो. समतेची भाषा शिस्तीच्या भाषेत कशी मिसळते, हे ह्यूगोच्या शेकडो ओळींपेक्षा ह्या एका प्रसंगाने मला अधिक समजले.

परराष्ट्र धोरणाचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. बोर्दोच्या भाषणात साम्राज्याची सांगड शांततेशी घालणाऱ्या ह्या सम्राटाने क्रिमियात, इटलीत आणि मेक्सिकोत युद्धे केली; शेवटचे फार महागात पडले. १८५८ च्या जानेवारीत ओर्सिनीने त्याच्यावर बाँब फेकले, तेव्हा नवा सुरक्षा कायदा करून जुन्या संशयितांना पुन्हा अल्जीरियात धाडण्यात आले. १८६० पासून मात्र त्याने हळूहळू दोर सैल केला. सभागृहाला चर्चेचे अधिकार मिळाले, १८६८ साली वृत्तपत्रांवरील बंधने उतरली. त्याच वर्षी बोदँच्या स्मारकासाठी वर्गणी जमविणाऱ्यांवर खटला भरण्याची दुर्बुद्धी सरकारला झाली आणि त्यांचा वकील गँबेता एका दिवसात देशभर प्रसिद्ध झाला. सतरा वर्षे पुरलेला २ डिसेंबर न्यायालयातच उकरला गेला. २ जानेवारी १८७० रोजी जुन्या पाच विरोधकांपैकी एक, एमिल ओलिव्हिए, ह्याने मंत्रिमंडळ बनविले.

८ मे १८७० चे सार्वमत ह्या साऱ्या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. १८६० पासूनच्या उदार सुधारणांना आणि त्यांवर आधारलेल्या नव्या संविधानाला आपली मान्यता आहे काय, असा प्रश्न मतदारांपुढे ठेवला होता. जो सुधारणांचा पुरस्कर्ता पण साम्राज्याचा विरोधक, त्याने काय करावे? होकार दिला तर घराणे पक्के होते. नकार दिला तर स्वातंत्र्यच नको असा अर्थ निघतो. ७३ लाखांहून अधिक होकार पडले, नकार १५ लाखांहून अधिक. पॅरिसने बहुमताने नकार दिला. साम्राज्य आता एका पिढीपुरते निश्चिंत झाले, असे त्याच्या शत्रूंनाही वाटले.

जुलैत प्रशियाशी युद्ध पुकारले गेले. मूत्राशयातील खड्याने बेजार झालेला, घोड्यावर बसवत नसलेला सम्राट आघाडीवर गेला आणि २ सप्टेंबरला सेदाँ येथे सैन्यासह शरण आला. ४ सप्टेंबरला पॅरिसमध्ये प्रजासत्ताक घोषित झाले. चार महिन्यांपूर्वीच्या ७३ लाखांपैकी साम्राज्य वाचविण्यासाठी कोणी बाहेर पडल्याचे दिसत नाही. दुसऱ्याच दिवशी ह्यूगो एकोणीस वर्षांनी पॅरिसला परतला आणि स्थानकावर त्याच्या स्वागताला गर्दी लोटली.

कैदेनंतर लुई नेपोलियन इंग्लंडला गेला आणि ९ जानेवारी १८७३ रोजी चिझलहर्स्ट येथे शस्त्रक्रियांनंतर वारला. त्याचा एकुलता मुलगा १८७९ साली इंग्रजांच्या बाजूने झुलूंशी लढताना मारला गेला. बापलेक आता फार्नबरोच्या मठात पुरलेले आहेत. पण मते एकदम विरली नाहीत. १८७७ च्या निवडणुकीत सुमारे शंभर बोनापार्तवादी प्रतिनिधी निवडून आले, आणि १८८४ साली पूर्वीच्या राजघराण्यांतील व्यक्तींना अध्यक्षपदाची बंदी करणारा कायदा करावा लागला. तिसऱ्या प्रजासत्ताकाने अध्यक्षाची निवड दोन्ही सभागृहांकडे सोपविली. १९६२ साली द गोलने सार्वमत घेऊनच थेट निवडणुकीची तरतूद केली, आणि १८४८ नंतर फ्रान्सच्या मतदारांनी अध्यक्ष पुन्हा थेट निवडला तो १९६५ च्या डिसेंबरात.